पाठकोरा कागद

नाचणगाव
११ मार्च २०२५

तीर्थरूप मामांना प्रेरणाचा नमस्कार.

रविवारी फोनवर मी तुम्हाला पाच मिनिटं प्रिंटरचं विचारत होते आणि तुम्ही "हो, गहू चांगला निघाला" असं सांगत होते. शेवटी मामीनं फोन घेतला आणि म्हणाली, "तू आपली लिहून पाठव व माय, याइले आता कागदावरचंच ऐकू येते." म्हणून लिहायला बसले. पेन तुम्ही दहावीला दिलेलाच आहे, शाईचा. दिवसभर पाण्यात भिजत घातला तेव्हा कुठं चालला.

पुलगावच्या ज्या दुकानात मी नऊ वर्षं टायपिंग केलं ते मालकानं डिसेंबरात बंद केलं, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हापासून घरीच आहे. स्वप्निलचा पगार आहे, उपाशी कोणी नाही, पण एकाच्या पगारात ओढाताण होते. आता दोन रस्ते आहेत. नागपूरला एका ऑफिसात ऑपरेटर घेणार आहेत, स्वप्निलच्या मित्रानं माझं नाव दिलं आहे. तिथं लागले तर पुलगावहून पहाटेची गाडी आणि घरी यायला नऊ. ईरा सात वर्षांची आहे मामा. ती उठायच्या आधी मी गेलेली, ती झोपल्यावर मी आलेली. आठवड्यातून एक रविवार तिला आई दिसणार.

दुसरा रस्ता म्हणजे घरीच टायपिंग आणि छपाई. पुलगावात निशांत सरांचे आठवी ते दहावीचे क्लासेस आहेत. एकशेसाठ पोरं, दर शनिवारी परीक्षा. त्यांचे पेपर आतापर्यंत वर्ध्याहून छापून येतात आणि बस चुकली की पोरं नुसती बसून राहतात. सर म्हणाले, चांगलं मशीन घेत असाल तर मेच्या सुट्टीच्या बॅचपासून काम तुम्हाला देतो, जमलं तर वर्षभर तुमचंच.

पण मशीन कोणतं घ्यावं ते मला कळत नाही. तुम्ही एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात सायक्लोस्टाइल फिरवलं, आपल्या घराण्यात छपाईतलं कळणारं दुसरं कोणी नाही. महिन्याला सरासरी चार हजार पानं निघतील असा माझा अंदाज आहे. काय घेऊ ते सांगा.

तुमची
प्रेरणा

*

सेलू
१५ मार्च २०२५

चि. प्रेरणास आशीर्वाद.

पत्र पोचलं. गहू खरंच चांगला निघाला, ते काही मी खोटं सांगत नव्हतो.

आता मुद्द्याचं. सरासरी तुला कोणी विचारली? आपल्या बोर नदीचं पाणी बारा महिन्यांत सारखं वाटलं तर घोट्याएवढं येईल, म्हणून श्रावणात कोणी त्यात बैलगाडी घालत नाही. कोणत्या दिवशी किती पानं आणि कोणत्या महिन्यात मुळीच नाही, ते कळव. सर पेपर तुझ्या हाती कधी देतात, पोरांच्या हाती कधी पाहिजे, मधे किती तास मिळतात, ते कळव. रंग लागतो की नुसतं काळं? एका बाजूनं की दोन्ही? एवढं कळल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.

आणि दुकानात जाऊन नुसता मशीनचा भाव विचारू नको. मशीनचा भाव एकदा द्यावा लागतो, शाईचा भाव ते मशीन मरेपर्यंत. म्हैस स्वस्त मिळाली म्हणून सरकीच्या ढेपेचा भाव न विचारता कोणी ती दारात बांधून घेत नाही. एकदा भरलं की पानं किती निघतात आणि ते भरणं कितीत पडते, हे विचारजो. भागाकार तुला येतो, मीच शिकवला आहे.

तुझ्या सासूबाईंचं काय म्हणणं आहे ते तू लिहिलं नाही. घरात मशीन आलं की घरातली एक खोली जाते. जयवंताबाई कडक आहेत असं तुझ्या लग्नातच माझ्या ध्यानात आलं होतं. त्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नको.

तुझ्या मामीनं पत्र वाचलं आणि म्हणाली, "पोरीले मशीन नाई पाहिजे, तिची पोरगी पाहिजे." मी म्हटलं, मग तर मशीन नीटच निवडावं लागते.

तुझा
सदाशिवमामा

*

नाचणगाव
२२ मार्च २०२५

मामांना नमस्कार.

तुमच्या एकेका प्रश्नाचं उत्तर देते, नाहीतर पत्र परत पाठवाल.

सर पेपर देणार गुरुवारी संध्याकाळी. टायपिंग रात्री जेवणाआधी होऊन जाईल. पेपर पाहिजे शनिवारी सकाळी आठला. म्हणजे छपाईला माझ्याकडे शुक्रवारच. त्या एका दिवसात हजाराच्या आसपास पानं आणि बाकीचे सहा दिवस किरकोळ: कोणाचा बायोडाटा, कोणाचा अर्ज. एप्रिलमधे क्लास बंद, दिवाळीत तीन आठवडे बंद. नुसतं काळं लागतं, भूमितीच्या आकृत्या असतात. दोन्ही बाजूंनी छापायचं. हे सगळं लिहिताना मलाच कळलं की माझं चार हजारांचं गणित किती बिनकामाचं होतं. हसू नका.

वर्ध्याला हिरालालजींच्या दुकानात जाऊन आले. त्यांनी चार प्रकार दाखवले. पहिला अगदी छोटा, पांढरा, रंगीत फोटो पण काढतो, सगळ्यात स्वस्त. त्याच्या शाईच्या डब्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीहून लहान आहेत. दुसरा टाकीचा, त्यात बाटलीनं शाई ओतायची, पान फार स्वस्त पडतं. तिसरा लेझर, त्यात शाई नाही, काळी भुकटी असते, मशीन महाग. चौथं जुनं मोठं झेरॉक्स मशीन, कोणीतरी विकायला ठेवलेलं. ते आमच्या दारातून आत येणार नाही.

खरं सांगू, मन त्या पहिल्यावर बसलं आहे. देवघराशेजारच्या फळीवर मावेल आणि जमवलेल्यातले निम्मे पैसे हातात राहतील. काम नाही चाललं तर निदान फार बुडालो असं होणार नाही.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं. त्या "पाहू" म्हणाल्या. त्यांच्या "पाहू"चा अर्थ अकरा वर्षांत मला लागलेला नाही.

प्रेरणा

*

सेलू
२७ मार्च २०२५

चि. प्रेरणास आशीर्वाद.

पहिलं मशीन घेऊ नको. एका शुक्रवारी त्याच्या पाच-सहा डब्या रिकाम्या होतील आणि सरांनी दिलेलं सगळं त्या डब्यांतच जाईल. "नाही चाललं तर" असं म्हणून जे मशीन घेतात ते चालतच नाही. ज्याच्या घरी वर्षातून चार फोटो निघतात त्यानं ते घ्यावं.

टाकीचं मशीन वाईट नाही. तुझं काम रोजचं असतं, थोडं थोडं, रंगाचं, तर मी तेच घे म्हटलं असतं, कारण पानामागे त्याच्याइतकं स्वस्त दुसरं नाही. पण ओली शाई आहे ती. एप्रिलमधे तुझं काम बंद, बाहेर पंचेचाळीस डिग्री. महिनाभर तसंच झाकून ठेवलं तर आतल्या बारीक भोकांत शाई वाळते. मग साफ करायला पुन्हा शाईच लागते. शिवाय मे महिन्यात पोरांचे हात घामेजलेले असतात, पेपर काळाभोर करतील. जुनं झेरॉक्स म्हणजे हत्ती, त्याला माहूत ठेवावा लागतो.

तू लेझर घे. काळंच छापणारं, आणि कागद स्वतःच उलटवून दोन्ही बाजूंनी छापणारं. भुकटी वाळत नाही, महिनाभर बंद ठेवलं तरी उठून कामाला लागते, आणि शुक्रवारचं काम दुपारपर्यंत संपते. पान टाकीवाल्यापेक्षा थोडं महाग पडेल, पडू दे. भुकटी भरून देणारा आणि बिघडलं तर उघडून पाहणारा पुलगावातच आहे का, एवढं मात्र आधी जाऊन बघ. नसेल तर ते मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नको.

हे एवढं ठासून का सांगतो तेही लिहितो, कोणाला सांगितलेलं नाही. १९८८ साली मी हेडमास्तरांना गळ घालून नागपूरहून एक स्वस्त मशीन आणवलं. त्याचे स्टेन्सिल, म्हणजे छपाईचे मेणकागद, वेगळ्या मापाचे, फक्त त्याच दुकानात मिळणारे. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात स्टेन्सिल संपले आणि ते दुकान बंद. दोन दिवस मास्तरांनी प्रश्न फळ्यावर लिहून परीक्षा घेतली. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं तेव्हा मी म्हटलं, महादेवच्या हातून स्टेन्सिल फाटले. महादेवराव आमचा शिपाई, बाजूलाच उभा होता. त्याची त्या वर्षीची वेतनवाढ थांबली. आता तो आमच्या समोरच्याच घरात राहतो, रोज चार वाजता आम्ही सोबत चहा पितो. सदतीस वर्षांत ते वाक्य मला त्याच्यापुढं काढता आलेलं नाही.

असो. दोन नियम सांगतो, ते पाळजो. बिघडलेला कागद फेकायचा नाही. त्याची कोरी बाजू कामाची असते. माझ्या ऑफिसात पाठकोरा कागद टोपलीत दिसला की मी सगळ्यांसमोर काढून टेबलावर ठेवत असे. आणि नव्या मशीनवर निघालेला पहिला कागद कोणाला द्यायचा नसतो, तो फाइलला लागतो. तुझी पहिली प्रत मला पाठव.

सदाशिवमामा

*

नाचणगाव
४ मे २०२५

मामांना नमस्कार.

अक्षय तृतीयेला मशीन घरी आलं. लेझर, कागद उलटवणारं. पुलगावात स्टेशनच्या रस्त्यावर भुकटी भरून देणारा आहे, त्याला आधी भेटले आणि मग वर्ध्याला गेले. हिरालालजी म्हणाले, "बाई, तुमी त पूरा अभ्यास करून आल्या." मी म्हटलं, माझे मामा क्लार्क होते.

आता आईंची गोष्ट ऐका. मशीन बाहेरच्या खोलीत मांडलं होतं. आईंनी त्याला हळदकुंकू लावलं, हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "हे इथं नाई राह्यणार. आपल्याले घाम येते, त त्याले नाई येत का?" आणि स्वप्निलला हाताशी घेऊन ते स्वतःच्या खोलीत नेलं. घरात कूलर एकच, तो त्यांच्या खोलीत. स्वतःची खाट बाहेर काढली आणि आता त्या बाहेरच्या पंख्याखाली झोपतात. कागदाचे गठ्ठेपण आत नेऊन ठेवले, टेबलाखाली, अगदी थंडगार. तुम्ही त्यांना कडक म्हणाले होते. त्यांच्या "पाहू"चा अर्थ हा होता.

सोबत पहिली प्रत पाठवते. ईराचे बे ते दहाचे पाढे आहेत. ती मशीनसमोर मांडी घालून बसली होती, कागद बाहेर आला की "निघाला" म्हणून ओरडायची. हे पत्र तिच्या वहीच्या पानावर लिहिते आहे, कारण गठ्ठ्याला हात लावू देत नाही ती.

मशीन यायच्या आदल्या दिवशी नागपूरचं पत्र आलं. नोकरी लागली आहे. सोळा जूनला रुजू व्हायचं, होकार सही करून ३१ मेपर्यंत पाठवायचा. नाही पाठवला तर दुसऱ्याला देतील. ते पत्र कपाटात ठेवलं आहे. दहा तारखेला पहिला शनिवार.

प्रेरणा

*

सेलू
९ मे २०२५

चि. प्रेरणास आशीर्वाद.

जयवंताबाईंबद्दल मी जे लिहिलं ते परत घेतो. त्यांना माझा नमस्कार सांगजो.

पाढ्यांचा कागद मिळाला. छपाई उत्तम. पण एक सांगतो, माझ्या फाइलला एकोणीस पहिल्या प्रती आहेत आणि त्यातली एकही सरळ नाही. कुठं डाग, कुठं तिरपी, कुठं ओळ उडालेली. तुझी पहिली प्रत फारच शहाणी आहे. आता मशीनं सुधारली असतील.

तुझी मामी म्हणते, मी अक्षर फार मोठं काढून राह्यलो. कागद मोठा आहे म्हणून काढतो.

सदाशिवमामा

*

नाचणगाव
१९ मे २०२५

मामा,

नमस्कार लिहायचं पण सुचत नाही.

दोन शनिवार गेले आणि दोन्ही वाया गेले. पहिल्या शुक्रवारी दोनशे पानं झाली आणि कागद अडकायला लागला. दोन-दोन कागद चिकटून आत जातात, बाहेर येतात ते पापडासारखे वळलेले. कुठं अक्षर फिकं, कुठं बोट लावलं की भुकटी निघते. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अडकलेले कागद ओढत बसले. सरांना नऊ वाजता पेपर पोचवले, आठाच्या परीक्षेला, आणि तेही चाळीस कमी. मशीन नवं आहे, बसेल, असं सर म्हणाले. परवा शनिवारी पुन्हा तेच. या वेळी सर म्हणाले, "ताई, चोवीस तारखेचा पेपर पाहतो. नाही जमलं तर मला वर्ध्यालाच सांगावं लागेल." चांगल्या आवाजात म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

पुलगावच्या भुकटीवाल्यानं उघडून पाहिलं, म्हणाला आत काही खराबी नाही. हिरालालजींना फोन केला तर म्हणाले, हे परत करा, वर आणखी पैसे घाला आणि याच्या वरचं मशीन घेऊन जा. ते पैसे माझ्याजवळ नाहीत आणि ते मशीन तरी चालेल कशावरून?

मी तुमच्या एकेका शब्दाप्रमाणे मशीन घेतलं मामा. तुमची चूक आहे असं म्हणत नाही, पण रडू आलं तेव्हा मनात आलं, ते खरं ते लिहिते. स्वप्निल म्हणतो, होकार पाठवून दे, झंझट संपव. आई मशीनची खोली आणखी गार करतात. कूलरमधे दर दोन तासांनी पाणी टाकतात. हे पत्रपण मशीनपाशीच बसून, त्याच गठ्ठ्यातल्या कागदावर लिहिते आहे. ईरानं काल विचारलं, नागपूरची गाडी सकाळी किती वाजता असते. मी सांगितलं नाही.

काही सुचलं तर कळवा.

प्रेरणा

*

सेलू
२१ मे २०२५

प्रेरणा,

हे पत्र आमच्या शेजारच्या बाबारावच्या हाती देतो. तो उद्या सकाळच्या बसनं पुलगावले लेकीकडे जाऊन राह्यला, दुपारी तुझ्या दारात येईल. तुझ्या मामीले फोन करायला लावला असता, पण ती अर्धं माझं सांगते, अर्धं तिचं.

मी पत्रात शुद्ध लिहितो, नोकरीची सवय आहे. आज जमेल तसं लिहीन.

दुपारी तुझं पत्र उघडलं आणि मले वाटलं, गेले डोळे. सगळं अक्षर फुगलेलं, पसरलेलं, प्रत्येक ओळीले केस फुटले. दिवाळीपासून माझ्या डाव्या डोळ्यापुढं धुकं आहे, ते मी कोणाले सांगितलं नाही. तुझ्या मामीलेही नाही. सांगितलं की धरून दवाखान्यात नेतात. आज म्हटलं झालं, उजवाही गेला. तासभर तसाच बसून राह्यलो. मग तुझ्या मामीले पत्र दिलं आणि म्हटलं, वाच. ती म्हणाली, "शाई पसरली हाय. पावसात लिहिलं का पोरीनं?" म्हणजे तिलेही तसंच दिसत होतं.

मग तुझं मार्चमधलं पत्र काढलं. टाचणीनं टोचल्यासारखं अक्षर. मेच्या चार तारखेचं काढलं, ईराच्या वहीवरचं, तेही स्वच्छ. पेन तोच, शाई तीच, हात तोच, डोळा माझाच. बदलला फक्त कागद. तो हातात घेऊन उजेडात धरला, त कडा लाटेसारख्या वाकलेल्या.

मशीन खराब नाई. तुझा कागद ओला आहे. ज्या खोलीत दर दोन तासांनी कूलरमधे पाणी पडते, तिथं टेबलाखाली गठ्ठे ठेवले तुमी. दिवसरात्र तो गारवा कागद पिऊन राह्यला. ओला कागद गरम रुळाखालून गेला की वळणारच, भुकटी त्याले धरणारच नाई. आमच्या ऑफिसले उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या लावत, पाणी मारत, तेव्हा असेच दोन-दोन कागद चिकटून येत. मी कागदाचं कपाट व्हरांड्यात काढलं होतं. हे मले तुले मार्चमधेच सांगायला पाहिजे होतं. मशीनचं सगळं सांगितलं आणि कागदाचं विसरलो. तुले मनात जे आलं ते बरोबर आलं, चूक माझीच आहे. या वेळी ती मी दुसऱ्याच्या नावावर टाकत नाई.

आता कर असं. कूलर त्या खोलीतून काढ. मशीनले गर्मी होत नाई, माणसाले होते, जयवंताबाईले त्यांची खाट परत दे. उघडे गठ्ठे बाहेरच्या खोलीत सावलीत पसर, वर्ध्याची मेची हवा फुकट आहे, तासाभरात वाळवून देईल. बंद गठ्ठे लोखंडी पेटीत ठेव. छापताना लागेल तेवढाच काढ, पत्ते पिसतात तसा दोन्ही हातांनी मोकळा कर, मग मशीनमधे घाल. आधी पन्नास छापून पाहजो.

जमलं नाई त नागपूरले जा, मी काही म्हणणार नाई. पण आधी हे करून पाह्य.

सदाशिवमामा

*

नाचणगाव
१ जून २०२५

तीर्थरूप मामांना प्रेरणाचा नमस्कार.

बाबाराव काका गुरुवारी भर उन्हात आले, पाणी प्यायच्या आधी पत्र हातात दिलं. मी ते उभ्यानंच आईंना वाचून दाखवलं. आई खाली बसल्या. म्हणाल्या, "म्हंजे मीच पाणी पाजलं त्याले." त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मी म्हटलं, आई, तुम्ही खाट सोडली, एवढं कोणती सासू करते? त्या उठल्या, त्यांची लग्नातली लोखंडी पेटी ओढून बाहेर आणली, त्यातला शालू आणि दोन लुगडी काढून कपाटात टाकली आणि रिकामी पेटी माझ्यापुढं सरकवली. बंद गठ्ठे आता त्यात असतात. कूलर बाहेर आला. आम्ही तिघींनी कागद चटईवर पसरले. पलटायचं काम ईराचं होतं.

शुक्रवारी आधी पन्नास छापले. एकही अडकला नाही. मग शंभर. मग मी मोजणं सोडून दिलं. दुपारी दोनला सगळे गठ्ठे बांधून तयार होते. शनिवारी साडेसातला क्लासच्या दारात मी उभी, सर माझ्यानंतर आले. पेपरांना पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता, पहिल्या बाकावरचा पोरगा शिंकला, एवढीच तक्रार. काल दुसरा शनिवारपण तसाच पार पडला. सर म्हणाले, जूनपासून तिन्ही वर्गांचं वर्षभर तुमच्याकडे, आणि त्यांच्या भावाच्या आर्वीच्या क्लासचंपण विचारतील.

आता दुसरं. तुम्ही महादेवरावांचं मला लिहिलं, आणि कागदाची चूकपण स्वतःच्या नावावर घेतली. तेव्हापासून एक गोष्ट मला टोचते आहे.

तुम्हाला पाठवलेली पहिली प्रत खोटी होती मामा. पाढे दुसरे छापले. अक्षय तृतीयेला मशीन जोडलं, तेव्हा ईरा आणि आई पूजेचं ताट आणायला आत गेल्या होत्या. एवढ्यात मी घाईनं एक कागद टाइप केला आणि छापला. तिरपा आला, वरच्या कोपऱ्यात काळा डाग. तुम्ही म्हणता तसाच. त्यावर सहीपण केली. एवढं मशीन घेतलं, हळदकुंकवाची तयारी झाली, पण माझा माझ्यावरच भरवसा नव्हता. म्हटलं, नाही जमलं तर त्या दिवशी लिहायची हिंमत होणार नाही, आत्ताच लिहून ठेवावं. महिनाभर तो कागद मशीनच्या खाली होता. वर मी पेपर छापत होते आणि खाली तो होता. दोन शनिवार वाया गेले तेव्हा दोनदा काढून पाकिटात घातला आणि दोनदा परत ठेवला.

काल ३१ तारीख होती. संध्याकाळी पाचला पोस्ट बंद झालं तेव्हा मी ईराला घेऊन ओट्यावर बसले होते. तिनं परत विचारलं, नागपूरची गाडी किती वाजता असते. या वेळी सांगितलं. म्हटलं, पहाटे असते, आपल्याला त्याच्याशी काही घेणं नाही. तिनं मान हलवली आणि खेळायला गेली. मग मी जरा रडले, पण बरं वाटलं.

तुमचा नियम आहे की पाठकोरा कागद फेकायचा नाही. म्हणून हे पत्र त्यावरच लिहिलं आहे. उलटून पाहा. मागे नागपूरच्या नोकरीला लिहिलेला, न पाठवलेला माझा होकार आहे. तुमच्या फाइलची खरी पहिली प्रत हीच.

आणि आता माझं ऐका. मी मशीनच्या बाबतीत तुमचं सगळं ऐकलं. डाव्या डोळ्याचं मी मामीला फोन करून सांगितलं आहे. ती अर्धं माझं सांगेल, अर्धं तिचं, पण दवाखान्यात नेईल.

तुमची
प्रेरणा

*

सेलू
७ जून २०२५

चि. प्रेरणास आशीर्वाद.

तू मामीला सांगितलंस. तिनं चार दिवस माझ्याशी बोलणं सोडलं होतं, मला ऐकू येत नसल्यामुळे ते दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं. मोतीबिंदू आहे म्हणतात. सतरा तारखेला डोळा करायचा ठरला. ईराचे पाढे देवघराजवळ चिकटवले, ती प्रत फाइलची नव्हती म्हणून बरं झालं.

तुझं पत्र वाचून परवा चार वाजता महादेवरावकडे गेलो. चहा होईपर्यंत थांबलो आणि सगळं सांगितलं. स्टेन्सिल, हेडमास्तर, माझं वाक्य, त्याची वेतनवाढ. त्यानं ऐकून घेतलं. मग माझ्या कानाशी येऊन जोरानं म्हणाला, "कोणतं मशीन, बाबू?" त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. सदतीस वर्षं मी एकटाच ते धरून बसलो होतो. तू महिन्यात सांगून मोकळी झालीस, ते फार बरं केलंस.

पहिली प्रत आज फाइलला लावली, विसाव्या नंबरला. तिरपी आहे, डाग आहे, नियमाप्रमाणे आहे. तुझ्या पत्राची बाजू वर ठेवली. पंच मारला तेव्हा खालचं भोक मागच्या बाजूला नेमकं तुझ्या सहीवर पडलं. मामी म्हणते मी मुद्दाम मारलं. मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही, हे तिला आता माहीत आहे, तरी म्हणते.

सदाशिवमामा